हिरवा साका

मार्च १८१७. शुक्रवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी लँकेस्टरच्या किल्ल्यातल्या कोर्टात एलकाना ब्रेथवेटने शपथ घ्यायला नकार दिला.

आरोपीच्या पिंजऱ्यात हेस्टर ग्रिमशॉ उभी होती. वय एकोणीस, घरकामाची मोलकरीण. कांद्याच्या रश्श्यातून सोमल हे विष देऊन मालकाला मारल्याचा आरोप. आज दोषी ठरली तर सोमवारी फाशी. तिच्या बाजूने साक्ष द्यायला आलेला ब्रेथवेट हा एकटाच.

बेलीफने पुढे केलेलं बायबल तसंच हवेत राहिलं. "घे की बाबा, उरकून टाक," तो पुटपुटला. "आणि ती टोपी काढ."

"तू काढ. मी अडवणार नाही."

गॅलरीत हशा पिकला. बेलीफने टोपी ओढून काढली.

न्यायाधीश पुढे वाकले. "ब्रेथवेट, हवा आणि उष्णता यांवरची तुमची व्याख्यानं मी ऐकली आहेत. तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे, कायद्याचा नाही. शपथेशिवाय तुमचं एक अक्षर लिहून घेता येणार नाही."

"ठाऊक आहे, मित्रा. तू तुझं काम कर."

"अरे, कुणाला अरे-तुरे करतोस!" बेलीफ फिसकारला.

ब्रेथवेट क्वेकर होता. त्याच्या पंथात राजापुढेही टोपी काढत नाहीत, त्यालाही एकेरी हाक मारतात आणि शपथ कुणापुढेच घेत नाहीत. घेतली, तर एरवीचं बोलणं खोटं असल्याची ती कबुली होते. त्याचे पणजोबा शपथ नाकारून याच किल्ल्याच्या तुरुंगात मेले होते.

"अहो, चार शब्द तर म्हणायचे!" गॅलरीतून हेस्टरची आई ओरडली. "पाप लागलं तर माझ्या माथी मारा. पोर जाईल हो माझी!"

ब्रेथवेटने वर पाहिलं नाही. तीस वर्षं तो दिवसातून तीनदा हवेचा दाब टिपत आला होता. तापात हुकलेल्या एका दिवसाची जागा त्याने वहीत कोरी ठेवली होती.

तासाभरापूर्वी डॉक्टर रिड्सडेलने शपथेवर सांगितलं होतं: उरलेल्या रश्श्यात मोरचुदाचं पाणी घातलं, तळाशी हिरवा साका बसला, म्हणजे सोमल. ब्रेथवेटने तोच रस्सा तपासला होता. साका हिरवाच. मग त्याने आपल्या चुलीवर साधा कांदा शिजवून त्यात तेच पाणी घातलं. साका तितकाच हिरवा.

त्याने खिशातून त्या हिरव्या साक्यांच्या दोन बाटल्या काढून कठड्यावर ठेवल्या.

"मित्रा, उत्तराला शपथ लागते. प्रश्नालाही लागते का?"

न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली. "नाही."

"डॉक्टरने शपथ घेतलेली आहे. यातली एक बाटली मालकाच्या घरातली, दुसरी माझ्या स्वयंपाकघरातली. विष कशात आहे, ते त्याला विचार."

बाटल्या डॉक्टरपुढे गेल्या. त्याने त्या खिडकीकडे धरल्या, हलवल्या, पुन्हा टेबलावर ठेवल्या.

"यांवर चिठ्ठ्या नाहीत," तो म्हणाला.

"चाखून बघा की, डॉक्टर!" गॅलरीतून कुणीतरी म्हणालं. या वेळी कुणी हसलं नाही.

"तुम्ही खात्रीने सांगितलं होतंत," न्यायाधीश म्हणाले. "पुन्हा सांगा."

तेव्हा कुठे ब्रेथवेटच्या ध्यानात आलं. दोनच बाटल्या आणल्या होत्या. पाच आणायला हव्या होत्या, सहा. दोनांत आंधळ्याचाही नेम निम्म्या वेळा लागतो. त्याने तोंड उघडलं, पण त्याचं बोलणं इथे कुणी लिहून घेणार नव्हतं.

डावीकडची बाटली मालकाच्या घरची आहे.

अकरा वाजून दहा मिनिटं झाली आहेत. डॉक्टरचं बोट डाव्या बाटलीच्या बुचावर आहे. तो अजून काही बोललेला नाही.