जादूगाराची काठी

विमलताई राळेगावकडच्या एका गावच्या सरपंच, पण पंचायतीतल्या खुर्चीत बसायचे त्यांचे यजमान नानाजी. सरपंचाचा शिक्काही नानाजींच्याच खिशात. ताईंनी फक्त ते बोट ठेवतील तिथं सही करायची.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर नात सुरभीसोबत टीव्हीवर कार्टून पाहता पाहता नानाजींचं डोकंच फिरलं. त्यातला कपटी जादूगार काठी फिरवून भोळ्या राणीला भुलवायचा आणि तिच्या नावानं स्वतःच राज्य हाकायचा.

"काय बदमाश हाये! गादी तिची अन् हुकूम याचा?"

"आबाजी, मंग राणीनं काय करावं?" सुरभीनं विचारलं.

"सोपं हाये बेटा. सारी जादू त्या काठीत हाये. त्याचा डोळा लागला का काठी उचलावी, खेळ खल्लास!"

बाजूला तुरीची डाळ निवडणाऱ्या विमलताईंचा हात क्षणभर थांबला.

सोमवारी मासिक सभेत ठरावावर शिक्का मारायला नानाजींनी ऐटीत खिशात हात घातला, तर हाताला नुसती सुपारी लागली.



शिक्का मुठीत घेऊन दारात उभ्या असलेल्या विमलताई म्हणाल्या, "उठा जी, खुर्ची सोडा. काल दुपारी तुमचा डोळा लागलता."