कागलचा पावणा

कामगार विम्याचा हप्ता वाचवायचा म्हणून मालकांनी उद्यमनगरातल्या फौंड्रीच्या पगारपत्रकात सिकंदरचं नाव घातलंच नव्हतं. पगार रोख हातात पडायचा, त्यामुळं सिकंदरलाही त्याची फिकीर नव्हती. विम्याचे इन्स्पेक्टर आले, की मालक त्याला खुर्चीत बसवून चहा पाजायचे.

"हे कोण?" इन्स्पेक्टर विचारायचे.

"मी पावणा हाय साहेब, कागलचा," सिकंदरच हसून सांगायचा.

मग एक दिवस ओतताना लोखंडाचा रस त्याच्या पायावर सांडला. विम्याच्या दवाखान्यात त्याचं नाव कुठंच सापडेना. तसाच लंगडत तो फौंड्रीत आला.

"मालक, पायाचं कायतरी बघा की."

मालकांनी तीच खुर्ची पुढं सरकवली.

"बसा की. कुणाकडं आलाय, पावणं?"