चर्चच्या पायऱ्यांवरून काढलेला फोटो

इतिहासाचे प्राध्यापक गेले. त्यांचे कागद त्यांची लेक कॉलेजातल्या त्यांच्या खोलीत आवरत होती. त्यात कॉलेजच्या उद्घाटनाचा फोटो निघाला, समोरच्या चर्चच्या पायऱ्यांवरून काढलेला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

“एवढा सोहळा, आणि माणसं कुठायत?”

“होती की!” मदतीला आलेल्या ग्रंथपालबाई हसल्या. “तेव्हा फोटो निघायला वेळ लागायचा, बाळा. जो हलला, तो उमटलाच नाही. थांब, चहा सांगून येते.”

लेक भिंग घेऊन खिडकीत, उजेडाला उभी राहिली. फोटोत हीच खिडकी होती. तिच्यात भिंग धरलेली एक बाई, अगदी लख्ख. बाहीला सेफ्टी पिन. आज सकाळी बटण तुटलं म्हणून तिनंच लावलेली.

ती दचकून मागे सरकायला गेली. पाय हलेना.

दार वाजलं. तिनं हाक मारायची शिकस्त केली, पण ओठ हलेनात.

“न सांगताच गेली की पोरगी,” रिकाम्या खोलीत डोकावून ग्रंथपालबाई पुटपुटल्या आणि त्यांनी बाहेरून कुलूप घातलं.