टाकीला लागलेली नजर

"शेजाऱ्याची प्रगती बघून माणूस जळतो, हे सनातन सत्य आहे," असं सरपंच रंगराव आप्पांनी ग्रामसभेत गंभीर आवाजात सांगितलं. पुरावा समोरच होता. गावाची नवी पाण्याची टाकी उद्घाटनापासून कोरडी होती. अर्थात शेजारच्या खैरवाडीवाल्यांची नजर लागली होती. टाळ्या पडल्या. टाकीवरून मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या, काळी बाहुलीही बांधली गेली.

"आप्पा, माझी सून बाळंत झालीय," सुगंधाबाई उठल्या. "घरात पाण्याचा थेंब नाही. नळ कधी सुटणार तेवढं सांगा."

"वहिनी, तुम्हालाही गावाची प्रगती बघवत नाही म्हणा की."

"बघवत नाही कसलं? दिसू तर द्या आधी!"

त्यांनी पदर खोचला आणि योजनेच्या विहिरीपासून टाकीकडे जाणाऱ्या पाइपाचा माग काढत त्या निघाल्या. मागोमाग अर्धी सभा निघाली. पाइप देवळाला वळसा घालून ओढ्यापर्यंत अगदी व्यवस्थित आला आणि तिथंच संपला. पलीकडे टाकी उभी होती, बाहुली वाऱ्यावर डुलत होती.

सुगंधाबाई काठावरच्या दगडावर ठाण मांडून बसल्या. "आप्पांना सांगा, उद्या सकाळी सभा इथं भरेल. पाइप जुळेपर्यंत मी उठत नाही."

"आणि आजचं पाणी?" कुणीतरी विचारलं.

आजचं पाणी बायकांनी नेहमीप्रमाणे खैरवाडीच्या नळावर भरलं. रांगेत पहिला हंडा सरपंचांच्या घरचा होता.