न आलेल्याचं पान

अज्ञात तीन आणि समीकरणं मात्र दोनच. ईशानीने चौथ्यांदा वहीचा कागद फाडला आणि डोकं धरून बसली. उद्या सकाळी दहाला बारावीच्या गणिताचा फेरपेपर. यातही नापास झाली की वर्ष गेलं.

समोर तिचे वडील काशीनाथशास्त्री उद्याच्या श्राद्धासाठी दर्भ निवडत होते. काशीच्या अख्ख्या दुर्गाघाटात त्यांच्या मंत्रावर कुणाला बोट ठेवता येत नसे, पण ए, बी, सी आलं की त्यांची गाडी अडायची. तरी बिचारे दुपारपासून लेकीजवळ बसून होते. हे गणित चुटकीसरशी सोडवणारा एक माणूस या घरात होता, तिचा थोरला भाऊ सुश्रुत. याज्ञिकी सोडून तो पुण्याला नोकरीला गेला, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून काशीनाथ त्याचं नाव घेत नव्हते आणि घरात कुणाला घेऊही देत नव्हते.

काय अडलंय ते मला सांग तरी, असं त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

ईशानीने सांगितलं. एका अपूर्णांकाचे दोन तुकडे करायचे, वर ए, बी, सी ठेवायचे. मग डावीकडचे सहगुणक उजवीकडच्यांशी जुळवायचे, एक्सचे एक्सशी, नुसत्या संख्येचे संख्येशी. बी अधिक सी बरोबर पाच. ए अधिक सी बरोबर उणे एक. पुढे रस्ताच बंद. काशीनाथांना ओ की ठो कळलं नाही. चष्मा वरखाली करत ते वहीवर बोट फिरवत राहिले.

"उजवीकडे हा एक्स डोक्यावर दोन घेऊन बसलाय. याची जोडी कुठाय?"

"तो एक्सवर्ग. डावीकडे नाहीच आहे तो, बाबा. म्हणून छोड़ दिया."

"सोडलास?" काशीनाथांच्या हातातला दर्भ थांबला. "उद्या तीन ब्राह्मण सांगितलेत. त्यातला एक आला नाही, तर मी त्याचं पान उचलून ठेवतो का? त्याच्या जागी दर्भाचा चट, गाठ मारलेली जुडी, ठेवतो. न आलेल्याचं पानसुद्धा मांडावंच लागतं."

ईशानीने पुन्हा पेन उचललं. मग घाईघाईने तिने डावीकडे नसलेल्या एक्सवर्गाच्या जागी शून्य मांडलं आणि लिहिलं, ए अधिक बी बरोबर शून्य. तिसरं समीकरण. बघता बघता ए उणे तीन, बी तीन, सी दोन निघाले. तिला एकदम रडूच आलं.

काशीनाथ मात्र अजून त्या शून्याकडेच बघत होते.

"हे मांडलं नसतं, तर सुटलंच नसतं?"

"नसतं."

त्यांनी दर्भाची जुडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. मग म्हणाले, उत्तर बरोबर आहे का ते एकदा विचारून घे.

"कुणाला?"

काशीनाथांनी आपला मोबाइल तिच्यापुढे सरकवला.

"नंबर मी पुसून टाकलाय. तुला पाठ असेल. लाव."