समजावून सांगितलं होतं

‘विम्याच्या सर्व अटी आमच्या अधिकाऱ्याने ग्राहकाला समजावून सांगितल्या होत्या, सबब तक्रार फेटाळण्यात येत आहे.’

मुलीने बँकेचं पत्र मोठ्याने वाचलं. खाली त्या अधिकाऱ्याचं नाव होतं. ते मात्र तिने वाचलं नाही.

“दादाने असं लिहून दिलं?” तिने विचारलं.

आईने पत्र तिच्या हातून काढून घेतलं. अख्खी गल्ली त्या शिवणवालीला मावशीच म्हणायची, पण ती खरी मावशी एकाचीच होती. तिची बहीण गेली तेव्हा मागे राहिलेल्या पोराला चड्डीची नाडीही बांधता येत नव्हती. काडीसारखा बारीक, पांढराफटक. मावशीने त्याचं नाव ठेवलं खडू. दुसऱ्यांचे कपडे शिवून तिने त्याला शिकवला, बँकेत चिकटवला.

घरासाठी कर्ज काढायला ती खडूच्याच टेबलापाशी बसली होती. तो म्हणाला, “मावशी, हा विमाही घे. उद्या तुझं काम थांबलं तर हप्ते विमा कंपनी भरेल. याच्याशिवाय कर्ज मंजूरच होत नाही.” तिने सही ठोकली. घरच्या पोराला काय प्रश्न विचारायचे?

मग तिचा उजवा हात लुळा पडला. सुईत दोरा ओवणं सोडाच, वाटी धरता येईना. विमा कंपनीने कळवलं, हा विमा फक्त पगारदारांसाठी आहे, स्वतःचा धंदा करणाऱ्याला यातून काही मिळत नाही. म्हणजे पहिल्या दिवसापासून तो तिच्या काहीच कामाचा नव्हता. मुलीने बँकेकडे तक्रार केली. त्याचं हे उत्तर आलं होतं. पाठोपाठ जप्तीची नोटीस दारावर चिकटली.

मावशी खडूच्या घरी गेली. दार सुनेने उघडलं. तिला सातवा महिना होता, चेहरा सुजलेला. खडू घाईघाईने बाहेर आला आणि मावशीला जिन्यात घेऊन गेला.

“मावशी, वरून टार्गेट होतं. दर कर्जामागे एक विमा खपवायचाच. साहेबाने समोर बसवून माझ्याकडून लिहून घेतलं,” तो खाली बघत म्हणाला. “आता खरं सांगितलं तर नोकरी जाईल. पुन्हा कुठली बँक दारात उभं करणार नाही. मी काय करू, तूच सांग.”

डाव्या हाताने कठडा धरून मावशी एकेक पायरी उतरली. घर गेलं तर कुठेतरी खोली बघता येईल, असं ती मनाला सांगत होती. पण आपण वाढवलेलं पोर आपल्या मुळावर उठतं, हे कुणाला सांगायचं?

मुलगी मात्र हटली नाही. बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारं सरकारी कार्यालय होतं, तिथे तिने दाद मागितली. सुनावणीला मायलेकी जाऊन बसल्या. समोर बँकेचा वकील होता. खडू आला नव्हता, त्याची खुर्ची रिकामी होती. ही शेवटची पायरी होती, इथे हरलं की घराला कुलूप.

“तिथे दादाची दया करू नकोस,” मुलीने आधीच बजावलं होतं. “त्याने आपली केली नाही.”

मावशीने मान डोलावली होती. आता ती त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. दार उघडणारी ती सून तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. मावशीने एका पोरक्या पोराच्या तोंडात घास घातला होता. आता त्याच्याच पोराच्या तोंडचा काढायचा?

अधिकारी बाईंनी कागदावरून नजर उचलली. “एकच विचारते. विमा देताना तुमच्या भाच्याने तुम्हाला अटी समजावून सांगितल्या होत्या?”

डाव्या हाताने मावशीने उजवा हात मांडीवर घट्ट दाबून धरला.

“हो,” ती म्हणाली. “सांगितल्या होत्या. माझ्याच डोक्यात शिरलं नाही.”

“आई!” मुलगी अर्धवट उठली, मग मटकन बसली आणि तोंड फिरवून रडू लागली. वकिलाने पेनाला टोपण लावलं आणि कागद गोळा करायला घेतले.

अधिकारी बाई काही लिहीत नव्हत्या. त्या मावशीकडे बघत राहिल्या.

“वकीलसाहेब, बसा. बाई, तुमचा भाचा सकाळी माझ्यापुढे येऊन जबाब देऊन गेला. त्याने तुम्हाला काहीही समजावलं नव्हतं म्हणे. विम्याशिवाय कर्ज मिळणार नाही, अशी थाप मारली आणि पुढे बँकेला लिहून दिलं तेही खोटं. इथे येण्याआधी राजीनामा टाकून आला होता.”

मुलीचं रडणं थांबलं. मावशीने पुन्हा त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. डोळे भरून आल्यामुळे ती तिला नीट दिसेना.

“तो म्हणतो सांगितलं नाही, तुम्ही म्हणता सांगितलं,” अधिकारी बाई हळूच म्हणाल्या. “मला दोन्ही कसं लिहिता येईल? खोटं कोण बोलतंय?”

मावशीने पदराने डोळे पुसले आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच ताठ बसली.

“मी बोलले, बाई,” ती म्हणाली. “तो कशाला बोलेल? माझ्या हाताखाली वाढलेला पोरगा आहे.”