आदिपक्ष्याचा चेहरा

"पाय शहामृगाचे, मान बगळ्याची, खांदे गिधाडाचे. इथवर झकास," दिग्दर्शक फोनच्या स्पीकरवरून म्हणाला. "पण चेहरा कोंबडीचा झालाय हो, बाई! लाखो वर्षांपूर्वीचा पक्षी पडद्यावर आला की पोरांनी आधी दचकावं आणि मग त्याच्या पंखाखाली शिरावं. महिनाअखेरपर्यंत जमलं नाही, तर काम दुसऱ्याला द्यावं लागेल."

शिल्पकार बाईने फोन ठेवला, एका बुक्कीत मातीची कोंबडी चपटी केली आणि बाहीने डोळे पुसले. एवढं मोठं काम तिला पहिल्यांदाच मिळालं होतं. वळून पाहते तो दारात चहाचा कप घेऊन सासूबाई उभ्या.

"किती अंधार हा!" म्हणत त्यांनी खिडकीचा पडदा सरकवला, कप ठेवला आणि निघून गेल्या.

सासूबाईंच्या लेखी हे सगळं चिखलकाम होतं. सून दिवसभर मातीत हात घालून बसते, हे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. कौतुक म्हणून की तक्रार म्हणून, ते मात्र कोणालाच कळत नसे.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नवीनच खोड काढली. दुपारी यायचं, पडदा सरकवायचा, चहा ठेवायचा आणि तिथेच खिडकीपाशी उभं राहायचं. एका पायावर भार, मान डावीकडे कललेली, एक डोळा सुनेवर रोखलेला. तोंडातून अवाक्षर नाही. चहा गार होऊन जायचा. सुनेला आधी वैताग आला. मग एका दुपारी तिने सहज वर पाहिलं आणि तिचे हात जागच्या जागी थांबले. हाच तो चेहरा!

तेव्हापासून ती चोरी करू लागली. सासूबाईंची चाहूल लागली की मातीवर ओला फडका टाकायचा, डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांना न्याहाळायचं आणि त्या गेल्या की भराभर हात चालवायचे. नाकाचा बाक चोचीत गेला. पापणीवरची सुरकुती मातीत उतरली, तो मानेचा कलही उतरला.

"आईच्या मानेला काय झालंय कोण जाणे," एकदा नवरा म्हणाला. "रोज बाम चोळत बसते. डॉक्टरकडे चल म्हटलं, तर उडवून लावते."

"वय झालं आता," ती म्हणाली आणि विषय बदलला. मनात चोर होता.

चेहरा पुरा झाला तेव्हा नवऱ्याने तो पाहिला आणि कपाळावर हात मारला. "अगं, ही तर आई!"

"हळू बोल!"

"तिला कळलं तर तुझं काही खरं नाही."

सासूबाई आरडाओरडा करणाऱ्यांतल्या नव्हत्या. दुखावल्या की अबोला धरत, आणि तो वर्षभर पुरत असे. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर आत्ता कुठे दुपारचा चहा कामाच्या खोलीत येऊ लागला होता. तो बंद झाला तर आपल्याला सोसणार नाही, हे सुनेला आता कळलं आणि तिला मनापासून भीती वाटली.

दिग्दर्शकाने मात्र चेहरा पाहताक्षणी पसंत केला. भला थोरला आदिपक्षी स्टुडिओत उभा राहिला आणि सगळ्यांना घरच्यांसकट बोलावणं गेलं. सासूबाई सर्वांआधी चपला घालून तयार.

कापड बाजूला झालं. पोरं दचकली. मग हळूहळू पुढे सरकली आणि पंखाखाली शिरली.

"चेहरा कुठून आणलात?" दिग्दर्शकाने विचारलं.

"शहामृग, बगळा, गिधाड..." ती पुटपुटली.

"ते धड झालं. चेहरा?"

तिची नजर पक्ष्याकडे गेली. खाली वाकलेल्या त्या चोचीपुढे सासूबाई उभ्या होत्या. दोघांची तोंडं अगदी समोरासमोर. आजूबाजूचे लोक एकदा पक्ष्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहू लागले होते. नवरा छताचं निरीक्षण करत होता.

सासूबाईंनी पक्ष्याला सावकाश एक फेरी मारली आणि सुनेजवळ आल्या.

"बरा झालाय," त्या म्हणाल्या. "फक्त मान जरा जास्तच वाकडी केलीस. मी एवढी धरत नव्हते गं, दुखायची."